लॅटिनमधला ‘कोणीतरी’ कसा चालवायचा?

रानजाई

नमस्कार मंडळी,

मी जर्मनीत मध्ययुगीन इतिहास शिकते. इथल्या बऱ्याच विद्यापीठांत या विषयासाठी ‘लॅटिनुम’ लागतं, म्हणजे लॅटिन मजकूर स्वतःचा स्वतः वाचता येतो हे दाखवणारी परीक्षा. दहावीपर्यंत पूर्ण संस्कृत घेतलं होतं, त्यामुळे नामं चालवताना फार अडखळले नाही. देवः देवौ देवाः म्हणून तयार झालेल्या जिभेला दोमिनुस, दोमिनी, दोमिनो जड जात नाही. अडले ती अनिश्चित सर्वनामांपाशी.

झालं असं. वर्गात ‘लेक्स सालिका’ उघडलं. हा फ्रँक लोकांचा कायदा, सहाव्या शतकाच्या सुरुवातीला राजा क्लोव्हिसच्या काळात लेखी आला असं मानतात. त्यातली कलमांमागून कलमं ‘सी क्विस’ने सुरू होतात. डुकरांच्या चोरीच्या प्रकरणात आहे, ‘सी क्विस पोर्केल्लुम लाक्तान्तेम फुरावेरित’. सी म्हणजे जर. क्विस म्हणजे कोण, हे पहिल्याच महिन्यात शिकले होते. म्हणून मी वाचलं, ‘जर कोण? दूधपितं पिल्लू चोरलं’, आणि प्रश्नचिन्ह कुठे आहे ते शोधत बसले. सरांनी सांगितलं की हा प्रश्नातला क्विस नाही. हा ‘कोणी’ आहे. जर कोणी दूधपितं पिल्लू चोरलं तर.

मग त्यांनी सगळी यादीच फळ्यावर लिहिली. क्विस, अलिक्विस, क्वीदम, क्विस्क्वम, क्विस्पिअम, क्विस्क्वे, क्वीवीस, क्वीलिबेत, क्विस्क्विस, क्वीकुम्क्वे. पुस्तकात यांचे वेगवेगळे तक्ते आहेत. मी इमानदारीत पाठ करायला बसले आणि तिसऱ्या तक्त्यावर हात थांबला, कारण मी एकच तक्ता पुन्हा पुन्हा लिहीत होते. तो एक तक्ता असा (एकवचन, पुल्लिंग आधी, मग स्त्रीलिंग, मग नपुंसकलिंग):

प्रथमा: क्वी (किंवा क्विस), क्वै, क्वोद (किंवा क्विद)
द्वितीया: क्वेम, क्वम, क्वोद (किंवा क्विद)
चतुर्थी: तिन्ही लिंगांत कुइ
पंचमी: क्वो, क्वा, क्वो
षष्ठी: तिन्ही लिंगांत कुय्युस

लॅटिनच्या पंचमीतच आपल्या तृतीयेचं आणि बऱ्याचशा सप्तमीचं काम होतं. अनेकवचनात क्वी, क्वै, क्वै. द्वितीयेला क्वोस, क्वास, क्वै. षष्ठीला क्वोरुम, क्वारुम, क्वोरुम. चतुर्थी आणि पंचमी दोन्हींना क्विबुस.

आता क्वीदम घ्या. शेवटचं ‘दम’ जागचं हलत नाही. चालतो तो त्याच्या आधीचा भाग: क्वीदम, कुइदम, कुय्युस्दम, क्विबुस्दम. माझी सवय अशी की विभक्ती म्हणजे शब्दाचं शेपूट. इथे शेपूट स्थिर आणि पोट बदलतं, म्हणून डोळे फसत होते. मजकुरात ‘कुय्युस्दम’ दिसला की मी शब्दकोशात ‘कुय्यु…’ शोधायची आणि काही सापडायचं नाही.

आणि मग आईला फोनवर सांगता सांगता मीच म्हणाले, “अगं, कोणालातरी विचारायला हवं.” कोणीतरी, कोणालातरी, कोणाचातरी, कोणाकडूनतरी. ‘तरी’ हलत नाही. विभक्ती आत लागते आणि ‘तरी’ तिच्या मागे येऊन बसतं. अगदी क्वीदम! हे इतकं जवळचं असताना मी दहा तक्ते घोकत होते.

तर मंडळी, दोन प्रश्न. द्वितीयेत ‘क्वेम्दम’ न होता क्वेन्दम का होतं? आणि यातला कुठला ‘कोणीतरी’ कधी वापरायचा? संस्कृतवाले, लॅटिनवाले, कोणीही लिहा.

काळाकोट

सातारहून नमस्कार. लॅटिन मी शिकलेलो नाही, पण तुमच्या तक्त्यातले दोन शब्द मी वीस वर्षं रोज वापरतो आहे, हे आज कळलं. सोसायटीच्या सभेत आपण ‘कोरम नाही’ म्हणतो तो हाच क्वोरुम, षष्ठी बहुवचन, ‘ज्यांच्यापैकी’. इंग्लंडात दंडाधिकाऱ्यांच्या नेमणुकीच्या सनदा लॅटिनमध्ये निघत आणि त्यांत ‘ज्यांच्यापैकी अमुक एक हजर असलाच पाहिजे’ असं वाक्य असे. त्या वाक्याचा पहिला शब्द उचलला गेला आणि गणसंख्येचं नाव बनला. चालवलेलं रूप तसंच गोठून राहिलं. कोर्टात ‘जैसे थे’च्या हुकुमाला स्टेटस क्वो म्हणतो, त्यातला क्वो तुमच्या पंचमीतला, ‘ज्या स्थितीत’.

अनिश्चितांत ‘नुल्लुस’ धरणार असाल तर आणखी एक. 1215 च्या मॅग्ना कार्टात आहे, ‘नुल्ली वेन्देमुस, नुल्ली नेगाबिमुस’. न्याय आम्ही कोणालाही विकणार नाही, कोणालाही नाकारणार नाही. यातलं नुल्ली चतुर्थी ना? कॉलेजात अर्थ पाठ केला होता, विभक्ती कोणी सांगितली नव्हती.

रानजाई

हो वकीलसाहेब, चतुर्थीच. नुल्लुस, उल्लुस, सोलुस, तोतुस, अल्तेर अशी थोडी विशेषणं सर्वनामांच्या पंगतीत बसतात. त्यांची षष्ठी ‘-इउस’ आणि चतुर्थी ‘-ई’: नुल्लिउस, नुल्ली. बाकी सगळं साध्या विशेषणासारखं चालतं. कोरमबद्दल मनापासून आभार, क्वोरुम आता जन्मात विसरणार नाही.

खडूफळा

रानजाई, तुझा धागा वाचून फार बरं वाटलं. मी सांगलीला शाळेत तीस वर्षं संस्कृत शिकवलं. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तू दहावीत शिकली आहेस, आठवण करून देते.

कम् + चित् = कञ्चित्. किम् + तु = किन्तु. म् च्या पुढे च आला की त्याचा ञ् होतो, त आला की न् होतो. पुढच्या व्यंजनाच्या वर्गातलं अनुनासिक मागच्या म् ची जागा घेतं, त्याला आपण परसवर्ण म्हणतो. क्वेम + दम मध्येही तेच. द दंत्य, म्हणून म चा दंत्य न झाला: क्वेन्दम, क्वन्दम. षष्ठी बहुवचनातही बघ, क्वोरुम + दम चं क्वोरुन्दम होत असणार. तोंडाची सोय दोन्हीकडे सारखी.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते. ‘तरी’शी तुलना सुंदर आहे, पण संस्कृतात याहून जवळचं नातं बसलं आहे. कश्चित् चालव पाहू: कश्चित्, कञ्चित्, केनचित्, कस्मैचित्, कस्यचित्, कस्मिंश्चित्. चित् अव्यय, जागचं हलत नाही. आणि हे चित् म्हणजे दुसरंतिसरं कोणी नसून तुझं क्विद आहे. एकाच मूळ शब्दाची ही दोन रूपं. संस्कृत आणि लॅटिन या दोघींच्या समाईक मूळ भाषेत तिथे ‘क्व’सारखा उच्चार होता. पुढे इ किंवा ए आला की संस्कृतच्या पूर्वजांत त्याचा च झाला, म्हणून क्विदचं चित्. पुढे ओ असला तर क राहिला, म्हणून कः. लॅटिनने दोन्हीकडे ‘क्व’ जपला. त्याच नियमाने लॅटिनचं शेपूट ‘-क्वे’ म्हणजे आपलं ‘च’. रामश्च मधलं च आणि क्विस्क्वे मधलं क्वे ही सख्खी भावंडं.

खुद्द क्विसही आपल्याकडे होता. वेदात ‘नकिः’ येतं, कोणीही नाही या अर्थी. त्यातला किः म्हणजे क्विस. पुढे कः ने त्याची जागा घेतली आणि किः त्या एका जोडशब्दात आणि ‘माकिः’मध्ये अडकून राहिला. मी वर्गात कश्चित् शिकवताना हे सांगायची तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही मान वर करायची.

शून्यएक

भारी धागा. मी प्रोग्रॅमर आहे, मला हे तीन कप्प्यांसारखं दिसतंय. समोरचा कप्पा: अलि. मधला कप्पा: क्वी/क्विस, जो चालतो. मागचा कप्पा: दम, क्वम, क्वे, पिअम, वीस, लिबेत, कुम्क्वे. म्हणजे मधला तक्ता एकदा लिहायचा आणि समोर नाहीतर मागे तुकडा जोडायचा, दहाचे दहा तयार. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तपासून देणार का रानजाईताई? अलिक्विसचं स्त्रीलिंग ‘अलिक्वै’ आलंय, क्विस्क्वमचं अनेकवचन ‘क्वीक्वम’.

रानजाई

शून्यएक, कप्पे अगदी बरोबर पाडलेस. मलाही हेच सांगायचं होतं, पण इतकं नेमकं जमलं नाही. तरी तू दिलेली दोन्ही रूपं चुकली आहेत, आणि ती चुकतात तिथेच शिकण्यासारखं आहे.

अलिक्विस विशेषण म्हणून आला तर स्त्रीलिंगी प्रथमा ‘अलिक्वा’ होते, अलिक्वै नाही. नपुंसकलिंगी अनेकवचनही अलिक्वाच. बाकी सगळं तुझ्या नियमाने: अलिकुय्युस, अलिकुइ, अलिक्वेम, अलिक्वो.

क्विस्क्वमला अनेकवचन नाही आणि वेगळं स्त्रीलिंगही नाही. तो एकट्याने उभा राहणारा शब्द आहे. नामाबरोबर विशेषण हवं असेल किंवा अनेकवचन हवं असेल तर उल्लुस मदतीला येतो.

शिवाय नपुंसकलिंगात प्रत्येकाची दोन रूपं आहेत हे प्रोग्रॅमला सांगावं लागेल. शब्द एकटा असेल तर क्विद-, नामाला चिकटून असेल तर क्वोद-. क्विद्दम म्हणजे ‘एक गोष्ट’, पण क्वोद्दम तेम्प्लुम म्हणजे ‘एक देऊळ’. अलिक्विद आणि अलिक्वोदचंही तेच. मराठीत ‘काहीतरी’ आणि ‘कोणतंतरी देऊळ’ यांत आपण हाच फरक करतो.

क्विस्क्विसला तर कप्पेच लागू नाहीत, कारण तिथे दोन्ही अर्धे चालतात. आपल्या ‘जो जो’सारखे, ज्याला ज्याला, ज्याचं ज्याचं. फक्त लॅटिनमध्ये वापरात राहिली ती मोजकी रूपं: क्विस्क्विस, क्विद्क्विद, क्वोक्वो. 79 साली ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत भिंतीवर कोणीतरी लिहून ठेवलंय, ‘बिस तान्तो पेरेआत क्विस्क्विस अमारे वेतात’. जो कोणी प्रेम करायला मनाई करतो, त्याचा दुप्पट नाश होवो!

उंबरठा

मी नवी आहे इथे, प्रश्न साधा असेल तर सांभाळून घ्या. अलिक्विस म्हणजे कोणीतरी आणि क्वीदम म्हणजेही कोणीतरी. मग दोन शब्द कशाला?

सासष्टकार

उंबरठा, हा प्रश्न अजिबात साधा नाही. आम्हाला सेमिनरीत फादरनी याच्यावर अख्खा एक आठवडा घालवला होता. मी धर्मगुरू झालो नाही, चार वर्षांनी बाहेर पडलो, पण लॅटिन राहिलं. वडील आमच्या गावच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, गायनमास्तर. 1960 च्या दशकात मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) कोंकणीत येण्याआधी सगळं लॅटिनमध्येच व्हायचं, म्हणून भाषा कानावरून गेलेली होती. (आमचा उच्चार इटालियन वळणाचा, नीहिलला आम्ही ‘निकिल’ म्हणायचो. रानजाई लिहिते तो प्राचीन रोमचा उच्चार. दोन्ही आपापल्या जागी योग्य.)

फरक असा. दारावर कोणीतरी आलंय, कोण ते मला ठाऊक नाही: अलिक्विस. काल मला एक जण भेटला, कोण ते मला चांगलं ठाऊक आहे, पण नाव सांगायची गरज नाही किंवा सांगायचं नाही: क्वीदम. म्हणून क्वीदमला मराठीत ‘कोणीतरी’ लावू नये. ‘एक जण’, ‘कुणी एक’, ‘अमुक एक’ लावावं. गोष्ट सुरू होते ती क्वीदमने: होमो क्वीदम, कोणे एके काळचा कुणी एक माणूस. गोष्ट सांगणाऱ्याला तो माणूस माहीत असतोच.

रानजाई, तुझा ‘तरी’ अलिक्विसला दे, क्वीदमला नको. रूप चालवायच्या पद्धतीपुरतं क्वीदम आणि कोणीतरी सारखे, पण अर्थाने अलिक्विस आणि कोणीतरी सारखे.

आणि तुझं ‘सी क्विस’. आमच्याकडे ‘सी क्विस वुल्त पोस्त मे वेनिरे’ हे येशूचं वाक्य सगळ्यांना पाठ, ‘कोणाला माझ्यामागून यायचं असेल तर’. नियम असा की सी, निसि, नुम आणि ने यांच्यानंतर अलिक्विसचं ‘अलि’ गळतं आणि नुसता क्विस उरतो. नियम आम्ही पाठ केला. असं का, ते आम्हाला कोणी सांगितलं नाही.

रानजाई

सासष्टकार काका, तुमची दुरुस्ती मान्य, आणि मनापासून आभार. पण तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून मी काल रात्री झोपलेच नाही. आपण मराठीत काय करतो ते बघा.

‘कोणीतरी आलं.’ ठीक.
‘कोणी आलं तर मला सांग.’ इथे ‘कोणीतरी आलं तर’ असं आपण सहसा म्हणत नाही. जर-तर आलं की ‘तरी’ गळतं. हा सी.
‘कोणी मदत केली नाही तर काम होणार नाही.’ तरी गळलं. हा निसि.
‘कोणी आलं होतं का?’ तरी गळलं. हा नुम.
‘कोणी बघू नये म्हणून दार लावलं.’ तरी गळलं. हा ने.

चारच्या चारही! लॅटिनचं ‘अलि’ जिथे गळतं, तिथेच मराठीचं ‘तरी’ गळतं. मला हे सापडलं तेव्हा अंगावर काटा आला. आणि कारणही आपल्याच वाक्यांत दिसतं. ‘कोणीतरी’ म्हणताना माणूस आहे हे आपण गृहीत धरलेलं असतं, फक्त ओळख नसते. जर, का, नये यांच्या छायेत मुळात कोणी असेल की नाही हेच ठरलेलं नसतं, मग ‘तरी’ कशाच्या जोरावर उभं राहणार? मुद्दाम जोर द्यायचा असेल तर लॅटिन लेखकही कधी कधी ‘सी अलिक्विस’ लिहितात, आणि आपणही म्हणतो, ‘अरे, कोणीतरी आलं तर आपण सुरू करू ना!’

खडूफळा

शाबास! तीस वर्षं शिकवूनही हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

पाठ करायला एक ओळ देते. अलि म्हणजे संस्कृतात भुंगा, तेव्हा: ‘सी, निसि, नुम, ने येता दारी, अलि उडाला, क्विस उरला घरी.’ विद्यार्थ्यांना द्यायला हरकत नाही.

काळाकोट

बाई, ओळ वहीत उतरवून घेतली. आता ‘कोणीही’चं काय? मघाशी मी मॅग्ना कार्टाचं भाषांतर करताना ‘कोणालाही’ लिहिलं. यादीतल्या क्वीवीसचा अर्थही मला ‘कोणीही’ असाच सापडतो, आणि क्विस्क्वमचाही.

सासष्टकार

वकीलसाहेब, मराठी माणूस लॅटिनमध्ये हमखास चुकतो तो इथे, कारण मराठीचं ‘कोणीही’ दोन कामं करतं. ‘हे काम कोणीही करेल’ यात कोणीही म्हणजे वाट्टेल तो. ‘कोणीही आलं नाही’ यात कोणीही म्हणजे एकसुद्धा नाही. लॅटिनमध्ये पहिल्याला क्वीवीस किंवा क्वीलिबेत, दुसऱ्याला क्विस्क्वम. क्विस्क्वम नकाराच्या सावलीतच राहतो. शिवाय ‘आणि कोणीही नाही’ असं म्हणायचं तर रोमन माणूस नकार पुढे ओढून उभयान्वयीला चिकटवतो आणि ‘नेक क्विस्क्वम’ म्हणतो. ‘एत नेमो’ म्हणणं त्याला आवडत नाही.

आता रोमन कवी होरेसची एक ओळ घ्या: ‘नोन कुइवीस होमिनि कोन्तिन्गित आदिरे कोरिन्थुम’. कुइवीस चतुर्थी. याचं मराठी ‘कोणालाही करिंथला जाता येत नाही’ असं केलंत तर अर्थ पार उलटा होतो, जणू करिंथला जाणाराच कोणी नाही. होरेसला म्हणायचंय, वाट्टेल त्याला ते जमत नाही. आपल्याकडची म्हणच चालेल: येरागबाळ्याचं काम नोहे.

उंबरठा

काका, ‘वाट्टेल तो’ लिहिलंत तेव्हा एक दिसलं. क्वीवीस म्हणजे क्वी + वीस ना? वीस हे क्रियापद आहे, ‘तुला हवं असतं’. आणि लिबेत म्हणजे ‘आवडतं, मनाला येतं’. म्हणजे क्वीवीस हा शब्दशः ‘हवा तो’ आणि क्वीलिबेत ‘वाटेल तो’! आणि आपणही वाटेल त्याला, वाटेल त्याचा, वाटेल त्याच्याकडे असंच चालवतो. वाटेल हलत नाही, तो चालतो. फक्त आपलं क्रियापद पुढे आणि त्यांचं मागे.

रानजाई

उंबरठा, यावर मी काय लिहू? तू नवी आहेस म्हणालीस आणि सगळ्यात सुंदर प्रतिसाद तुझा आला.

तुझ्यासाठी रोमन वक्ता किकेरोचं (सिसेरोचं) एक वाक्य, बाराव्या ‘फिलिपिक’ भाषणातलं, इसवीसनपूर्व 43 सालचं: ‘कुय्युस्वीस होमिनिस एस्त एर्रारे, नुल्लिउस निसि इन्सिपिएन्तिस इन एर्रोरे पेर्सेवेरारे.’ चुकणं हे वाटेल त्या माणसाचं, चुकीला चिकटून बसणं हे मूर्खावाचून कोणाचंच नाही. एकाच वाक्यात कुय्युस्वीस आणि नुल्लिउस, दोन्ही षष्ठी.

मनकवडा

मी मानसशास्त्राचा विद्यार्थी. अलिक्विस हा शब्द मला लॅटिनमधून नाही, फ्रॉइडमधून माहीत आहे. 1901 सालच्या पुस्तकात त्याने विस्मरणाचा एक किस्सा दिलाय. प्रवासात भेटलेला एक सुशिक्षित तरुण आपल्या पिढीच्या वाट्याला आलेल्या अन्यायाबद्दल तावातावाने बोलत होता आणि शेवट करताना व्हर्जिलच्या ‘इनीड’ या रोमन महाकाव्यातली कार्थेजच्या दिदो राणीची ओळ म्हणायला गेला. ओळ अडली. एक शब्द सापडेना. फ्रॉइडने तो पुरवला: ‘एक्सोरिआरे अलिक्विस नोस्त्रिस एक्स ओस्सिबुस उल्तोर’. गळालेला शब्द अलिक्विस. मग त्या एका शब्दावरून विचारांची साखळी धरत फ्रॉइड त्या तरुणाच्या मनातल्या धास्तीपर्यंत पोचतो. मला इतकंच विचारायचंय, तो शब्द त्या ओळीत इतका निसटता का आहे?

रानजाई

व्याकरणाच्या बाजूने सांगते. एक्सोरिआरे हे द्वितीय पुरुषी क्रियापद आहे, ‘तू उठ’. आणि अलिक्विस म्हणजे ‘कोणीतरी’. म्हणजे दिदो म्हणते, ‘माझ्या हाडांतून उठ, तू जो कोणी असशील तो, सूड घेणारा.’ ज्याला ती ‘तू’ म्हणते तो अजून जन्मालाही आलेला नाही, त्याला नाव नाही, म्हणून त्याच्याजागी अलिक्विस. रोमन वाचकाला तिथे रोमवर चालून आलेला कार्थेजचा सेनापती हॅनिबल दिसायचा. ‘तू’ आणि ‘कोणीतरी’ एकाच वाक्यात सहसा राहत नाहीत. शब्द गाळला तरी वाक्य व्याकरणाने उभं राहतं, पण वृत्त मोडतं आणि तो न जन्मलेला माणूसही नाहीसा होतो.

खडूफळा

क्विस्क्वे अजून कोणी घेतला नाही. मी घेते, कारण तो मला सगळ्यांत आवडतो.

क्विस्क्वे म्हणजे प्रत्येक जण, पण सरसकट सगळे नव्हेत, एकेकटा वेगळा धरलेला. चालवणं सोपं: क्विस्क्वे, क्वेम्क्वे, कुइक्वे, कुय्युस्क्वे. पंचमी ‘क्वोक्वे’ आणि ‘सुद्धा’ या अर्थाचं अव्यय ‘क्वोक्वे’ देवनागरीत सारखेच दिसतात. पहिल्यातला ओ दीर्घ, दुसऱ्यातला ऱ्हस्व, आणि आपल्याकडे ऱ्हस्व ओला अक्षरच नाही. तेव्हा सांभाळ.

तो बहुधा वाक्याच्या आरंभी येत नाही. ‘आपला’ या अर्थाच्या सुउसच्या अगदी मागे उभा राहतो. ‘सुउम कुइक्वे’ म्हणजे ज्याचं त्याला. 533 सालच्या सम्राट जस्टिनियनच्या ‘इन्स्टिट्यूट्स’ या कायद्याच्या पाठ्यपुस्तकाची सुरुवातच न्यायाच्या या व्याख्येने होते: ‘यूस सुउम कुइक्वे त्रिबुएन्स’, ज्याचा हक्क त्याला देणारी अढळ इच्छा. वकीलसाहेबांना हे ठाऊक असणारच. व्हर्जिलच्या गोपगीतात आहे, ‘त्राहित सुआ क्वेम्क्वे वोलुप्तास’, ज्याला त्याला आपापली ओढ खेचते. इंग्रजीत भाषांतर करताना ‘प्रत्येकाला’ असा एक शब्द आणावा लागतो. मराठीत ‘ज्याचं त्याला’, ‘जो तो’, ‘आपापलं’ सगळं आयतं आहे, आणि तेही जोडीनेच उभं राहतं, सुउम आणि कुइक्वेसारखं.

श्रेष्ठतादर्शक विशेषणाबरोबर आला तर ‘ओप्तिमुस क्विस्क्वे’, एकवचनी, पण अर्थ ‘चांगली चांगली माणसं सगळी’.

सासष्टकार

बाई, ‘कुइक्वे’ जुन्या लॅटिनमध्ये ‘क्वोइक्वे’ होतं. तेरेन्सच्या नाटकात ‘सुउस क्वोइक्वे मोस’ येतं, ज्याची त्याची रीत. स्किपिओ बार्बातुसच्या थडग्यावर कुय्युसच्या जागी ‘क्वोय्युस’ कोरलं आहे. रोमन शिक्षक क्विन्तिलिआनुस पहिल्या शतकात लिहितो की त्याच्या लहानपणी मुलं क्वोइच लिहीत, आता कुइ लिहितात. म्हणजे तक्त्यात ‘क्व’च्या रांगेत मध्येच ‘कु’ का घुसला याचं उत्तर हे. मुळात तिथेही क्वच होता.

आणखी एक, आमच्या सासष्टीचं. फादर थॉमस स्टीफन्सनी 1583 साली गोव्याहून भावाला लिहिलेल्या पत्रात म्हटलं होतं की इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे. विल्यम जोन्स कलकत्त्यात संस्कृत-लॅटिनच्या नात्याबद्दल बोलला तो 1786 साली, म्हणजे दोनशे वर्षांनी. स्टीफन्सचं कोंकणी व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये रायतूरला छापलं गेलं. लॅटिनचे साचे हातात घेऊन आमच्या भाषेकडे बघणारा तो माणूस होता. आपण इथे उलट दिशेने चाललोय, आपली भाषा हातात घेऊन लॅटिनकडे.

शून्यएक

प्रोग्रॅम दुरुस्त केला. अलिक्वा, क्वेन्दम, क्वोरुन्दम बरोबर येतायत. नेमो टाकायचा राहिला. तो कुठल्याच कप्प्यात बसत नाही. ज्यूल व्हर्नचा कॅप्टन नेमो, बुंदेलखंडचा राजपुत्र, तो ‘कोणी नाही’ हे माहीत होतं, पण चालवायचा कसा?

रानजाई

नेमो म्हणजे ने + हेमो, हेमो हे होमोचं जुनं रूप. ‘माणूस नाही’. म्हणून तो नामासारखा चालतो: नेमो, नेमिनेम, नेमिनी. षष्ठी आणि पंचमी मात्र नुल्लुसकडून उसनी, नुल्लिउस आणि नुल्लो. संस्कृतातल्या ‘अहम्, माम्, मम’ मध्ये एका शब्दाची रूपं जशी निरनिराळ्या मुळांतून येतात, तसंच. नीहिलचं पण तेच, बाकीच्या विभक्तींत ‘नुल्लिउस रेई’, ‘नुल्ला रे’ असं ‘गोष्ट’ जोडून म्हणतात. ऑफिसात ‘निल रिपोर्ट’ म्हणतात ना, ते निल या नीहिलचंच आखूड रूप.

खडूफळा

आता रानजाई, परीक्षेआधी माझा एक गृहपाठ. सीझरच्या गॅलिक युद्धाच्या सहाव्या पुस्तकात विसावं प्रकरण आहे. गॉल लोकांच्या नीट चाललेल्या राज्यांत एक कायदा होता: ‘सी क्विस क्विद दे रे पूब्लिका आ फीनितिमिस रूमोरे आउत फामा आक्केपेरित, उती आद मागिस्त्रातुम देफेरात नेवे कुम क्वो अलिओ कोम्मूनिकेत.’ अनिश्चितं शोध, चालवून दाखव आणि मराठी कर.

रानजाई

बाई, प्रयत्न करते.

क्विस, प्रथमा एकवचन, कर्ता. सी नंतर आलाय म्हणून अलि गळलं. क्विद, द्वितीया नपुंसकलिंग, कर्म, त्याच सी मुळे नुसता उरला. मघाच्या चुकीप्रमाणे वाचलं असतं तर ‘जर कोण काय’ झालं असतं! क्वो, पंचमी, कुम या अव्ययामुळे, आणि इथे अलि गाळणारा नेवे, म्हणजे ‘आणि नये’. त्याच्या पुढचं अलिओ हे मात्र अलिउसचं रूप, ‘दुसरा’, गळलेल्या अलिशी घोटाळा करायचा नाही.

मराठी: ‘शेजाऱ्यांकडून राज्याच्या कारभाराबद्दल कोणी काही कुणकूण किंवा बातमी ऐकली, तर त्याने ती अधिकाऱ्याच्या कानावर घालावी आणि दुसऱ्या कोणाशी बोलू नये.’

लिहून झाल्यावर तपासलं. कोणी, काही, कोणाशी. एकदाही ‘तरी’ आलं नाही, आणि मी मुद्दाम टाळलं नव्हतं.

खडूफळा

पूर्ण गुण. ‘आक्केपेरित’ हा काळ कोणता ते लिहायचं राहिलं, ते उद्या.